पोहण्याच्या तलावातील गळती
पोहण्याच्या तलावातील पाणी बाष्पीभवनाने व नेहमीच्या वापराने जितके कमी होते, त्याहून अधिक पाणी तलावाचे कुंड, त्यात बसविलेली उपकरणे किंवा त्यांना जोडलेले नळ यांतून बाहेर जात असेल, तर त्यास गळती म्हणतात. सार्वजनिक तलावांवर देखरेखीसाठी तज्ञ कर्मचारी असतात. घरगुती तलावाच्या बाबतीत मात्र गळती ओळखण्याची जबाबदारी बहुधा मालकावर अथवा माळ्यावर येऊन पडते. पाण्याची पातळी उतरलेली कोणालाही दिसते. पाणी कोणत्या वाटेने गेले हे मात्र दिसत नाही. त्यामुळे गळती नसताना फरशा उखडणे आणि गळती असताना ‘उन्हाने पाणी आटते’ असे समजून स्वस्थ बसणे, या दोन्ही चुका सारख्याच प्रमाणात घडतात.

पुढील विवेचनात उदाहरणादाखल ८ मी. लांब, ४ मी. रुंद व सरासरी १.४ मी. खोल असा तलाव घेतला आहे. त्यात सु. ४५,००० लि. पाणी मावते. त्याचे पृष्ठक्षेत्रफळ ३२ चौ. मी. असल्यामुळे पातळी १ मिमी. उतरली की, ३२ लि. पाणी कमी झाले असे समजावे. गळतीमुळे रोज ६ मिमी. म्हणजे पेन्सिलीच्या जाडीहून थोडी कमीच पातळी उतरत असेल, तर दिवसाला १९२ लि. व वर्षाला सु. ७०,००० लि. पाणी जमिनीत जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेल्या पहिल्या रेल्वेगाडीच्या प्रत्येक वाघिणीत सु. ५०,००० लि. पाणी होते. त्या मानाने पाहिल्यास, एरवी नजरेतही न भरणारी ही गळती किती मोठी आहे याची कल्पना येते.

गळतीची स्थाने : महाराष्ट्रात व गोव्यात घरगुती तलाव बहुतेक सलोह काँक्रीटचे असून त्यांना आतून जलरोधक थर व त्यावर काचेच्या अथवा चिनी मातीच्या फरशा लावतात. कारखान्यात तयार केलेली तंतुकाचेची कुंडेही वापरात आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत काँक्रीट हवेच्या दाबाने फवारून तलाव बांधण्याची पद्धत रूढ आहे. या पद्धतीचे मूळ असलेली सिमेंट तोफ कार्ल एकली या निसर्गवैज्ञानिकाने शिकागोतील संग्रहालयाच्या इमारतीच्या डागडुजीसाठी तयार केली होती. मृत प्राणी हुबेहूब उभे करण्याच्या कलेसाठी तो अधिक प्रसिद्ध आहे. त्या देशात व्हिनिल प्लॅस्टिकचे अस्तर लावलेले तलावही पुष्कळ आहेत.

बांधणी कोणतीही असली, तरी गळती सलग भिंतीपेक्षा दोन भिन्न पदार्थ जेथे एकत्र येतात तेथे अधिक आढळते. पृष्ठभागावरील पालापाचोळा ओढून घेणारी प्लॅस्टिकची चौकट (स्किमर) आणि तिच्याभोवतीचे काँक्रीट ही तापमानातील बदलाने कमीअधिक प्रसरण पावतात व त्यांच्यामधील सांधा सुटतो. पाण्याखालील दिव्याची खोबण, तिच्यातून निघणारी विजेच्या तारांची नळी, गाळलेले पाणी परत सोडणारी तोंडे आणि तळाचे निकासद्वार ही अशीच दुबळी स्थाने होत. फरशा व त्यांमधील सांधे मुळात जलरोधक नसतात. पाणी अडविण्याचे काम त्यांच्यामागील थर व काँक्रीट करतात. फरशीच्या सांध्यातून शिरलेले पाणी तिच्या मागून वाहत जाऊन दूरच्या भेगेतून बाहेर पडते. म्हणून जेथे सांधा निखळला आहे तेथेच गळती आहे, असे मानता येत नाही.

पंपघरातील एका स्थानाकडे नेहमी दुर्लक्ष होते. वाळूची गाळणी उलट प्रवाहाने धुण्यासाठी तिच्यावर बहुमार्गी झडप असते. या झडपेतील रबरी चकती झिजली म्हणजे पंप चालू असताना थोडे पाणी सतत सांडपाण्याच्या नळातून निघून जाते. हा नळ थेट गटारात सोडलेला असला, तर ते कोणालाच दिसत नाही. भिंतींकडे वळण्यापूर्वी या नळाचे तोंड पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बाष्पीभवन : पाण्याच्या पृष्ठभागालगतचा बाष्पदाब व हवेतील बाष्पदाब यांतील फरकावर बाष्पीभवनाचा वेग अवलंबून असतो, असे जॉन डाल्टन यांनी १८०२ मध्ये दाखवून दिले. पाणी कोमट, हवा कोरडी आणि वारा जोराचा असेल, तर पाणी झपाट्याने आटते. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याची पातळी केवळ बाष्पीभवनाने दिवसाला ८ ते १० मिमी.पर्यंत उतरू शकते; पावसाळ्यातील दमट हवेत हाच आकडा २ ते ४ मिमी.पर्यंत खाली येतो. कारंजे किंवा कृत्रिम धबधबा चालू असल्यास हानी वाढते. हिवाळ्यात तलावाचे पाणी तापवीत असल्यास थंड व कोरड्या रात्रीही ती पुष्कळ असते. त्यामुळे ‘इतके मिलिमीटर उतार म्हणजे गळती’ असा सर्वत्र लागू पडणारा आकडा देता येत नाही. त्याच जागी, त्याच हवेत ठेवलेल्या दुसऱ्या पाण्याशी तुलना करणे हाच विश्वसनीय मार्ग होय.

बादलीची कसोटी : ही तुलना साध्या बादलीने करता येते. तलावाच्या वरच्या पायरीवर बादली ठेवून तिचा बराचसा भाग पाण्यात बुडेल असे पाहतात व ती हलू नये म्हणून तीत दगड ठेवतात. नंतर बाहेरील पातळीइतके तलावाचेच पाणी तीत भरतात. बादलीच्या आतील व बाहेरील पातळीवर खुणा करून २४ तासांनी दोन्ही उतार मोजतात. बादलीतील पाणी केवळ बाष्पीभवनाने कमी होते. तलावातील बाष्पीभवनाने व गळतीने. बादलीतील उतार ७ मिमी. व तलावातील १३ मिमी. असेल, तर ६ मिमी. हा गळतीचा वाटा ठरतो.

कसोटी सोपी असली, तरी ती बिघडविणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. तलावात आपोआप पाणी सोडणारी तरंगती झडप बंद केली नाही, तर सर्व मोजमाप व्यर्थ जाते. या झडपेमुळे पातळी कायम राहते आणि वर्षानुवर्षे चाललेली गळती पाण्याचे देयक येईपर्यंत लपून राहते. बादली पाण्यात न बुडविता काठावर उन्हात ठेवल्यास तिच्यातील पाणी अधिक तापते. ती अर्धवट भरल्यास तिच्या उंच कडा वारा अडवितात. कसोटीच्या काळात पोहणे, गाळणी धुणे व कारंजी बंद ठेवावी लागतात. पाऊस बादलीत व तलावात सारखाच पडत असला, तरी काठावरील फरशीवरून वाहून येणारे पाणी तलावातच जाते. म्हणून कोरडा दिवस निवडतात. १-२ मिमी.च्या फरकावरून निष्कर्ष न काढता कसोटी दोन-तीन वेळा करून पाहतात. काठोकाठ भरून वाहणाऱ्या तलावांत पंप चालू असताना तलावाची पातळी बदलतच नाही. घट होते ती खालच्या संतुलन टाकीत. अशा तलावात पंप बंद करून तलाव व टाकी यांची पातळी वेगवेगळी मोजतात.

हीच कसोटी एकदा पंप चालू ठेवून व एकदा बंद ठेवून केल्यास गळतीच्या जागेचाही अंदाज येतो. पंप चालू असताना गळती वाढत असेल, तर दोष दाबाखालील परतीच्या नळात किंवा वर सांगितलेल्या बहुमार्गी झडपेत असतो. पंप बंद असताना ती वाढत असेल, तर शोषण नळाचा संशय घ्यावा. पंप चालू असता या नळातील दाब कमी असतो व छिद्रातून पाणी जाण्याऐवजी बाहेरील हवा आत खेचली जाते. अशा वेळी परतीच्या तोंडांतून बुडबुडे येत राहतात. दोन्ही वेळी गळती सारखीच असेल, तर कुंडात अथवा त्यात बसविलेल्या उपकरणांभोवती शोध घेणे योग्य ठरते.

पाण्याच्या रासायनिक तपासणीतूनही पुरावा मिळतो. बाष्पीभवनात केवळ पाणी जाते व क्षार मागे राहतात. त्यामुळे विंधन विहिरीच्या जड पाण्याने भर घालीत राहिल्यास तलावाचे पाणी महिन्यागणिक अधिक जड होत जाते. गळतीत पाण्याबरोबर क्षारही निघून जातात. क्लोरीन उन्हात टिकावे म्हणून घातलेले सायन्यूरिक अम्ल बाष्पीभवनाने कमी होत नाही. गाळणी वारंवार न धुताही त्याचे प्रमाण उतरत असेल, तर पाणी हवेत नव्हे, जमिनीत जात आहे असे समजावे.

जागेचा शोध : गळती निश्चित झाल्यावर पंप बंद करून पातळी कोठे स्थिरावते हे पाहणे ही जुनी व चांगली रीत आहे. ती स्किमरच्या तोंडाखाली येऊन थांबली, तर दोष स्किमरमध्ये किंवा त्याच्या नळात असतो. दिव्याच्या पातळीवर थांबली, तर खोबणीत. मात्र पाणी कोठवर उतरू द्यावे यास मर्यादा आहे. तिचे कारण पुढे दिले आहे.

छिद्र लहान असले, तरी त्यातून जाणारे पाणी थोडे नसते. टॉरिचेली यांनी १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार छिद्रातून निघणाऱ्या द्रवाचा वेग त्यावरील द्रवाच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. पाण्याखाली १ मी. खोल असलेल्या व बाहेर मोकळ्या असलेल्या २ मिमी. व्यासाच्या छिद्रातून दिवसाला सु. ७०० लि. पाणी जाऊ शकते. म्हणजे आपल्या उदाहरणातील तलाव रोज २ सेंमी.हून अधिक उतरेल. बाहेर घट्ट माती असल्यास प्रवाह मंदावतो. दाबाच्या नळात पंपाचा दाब १० मी. उंचीच्या पाण्याइतका असेल, तर तेवढ्याच छिद्रातून तिपटीहून अधिक पाणी जाते.

संशयित जागा गाठल्यावर रंगद्रव्याची कसोटी घेतात. पंप बंद करून पाणी पूर्ण संथ होऊ देतात व पिचकारीने भेगेजवळ खाण्याचा रंग अथवा फ्ल्युओरेसीन हलकेच सोडतात. गळती असल्यास रंगाचा धागा भेगेकडे ओढला जातो. नसल्यास तो तेथेच पसरतो. फ्ल्युओरेसीनाचा जलमार्ग शोधण्यासाठी झालेला एक प्रसिद्ध उपयोग मोठ्या गळतीचाच होता. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडकाच्या पात्रात गडप होते. ते आख येथील झऱ्यातून बाहेर पडते, हे आडोल्फ क्नॉप यांनी १८७७ मध्ये मीठ, खनिज तेल व १० किग्रॅ. रंगद्रव्य नदीत सोडून सिद्ध केले. सु. ६० तासांनी तिन्ही पदार्थ झऱ्यात आढळले. दिव्याच्या खोबणीजवळ ही कसोटी घेताना दिव्याचा वीजपुरवठा मुख्य खटक्यापाशीच तोडणे अत्यावश्यक आहे. तारांच्या नळीत पाणी शिरलेले असेल, तर विजेचा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

जमिनीखालील नळांसाठी दाबाची कसोटी असते. नळाची दोन्ही टोके रबरी बुचांनी बंद करून त्यात पाणी दाबाने भरतात व दाबमापकाचा काटा १५ ते ३० मिनिटे स्थिर राहतो की नाही हे पाहतात. पाण्याऐवजी दाबलेली हवा वापरणे धोक्याचे असते, कारण तिच्यात साठलेली ऊर्जा पुष्कळ असल्याने बूच गोळीसारखे उडू शकते. नळ फुटल्याचे ठरल्यावर नेमकी जागा श्रवणयंत्राने शोधतात. छिद्रातून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज जमिनीवरून ऐकू येतो. काही ठिकाणी नायट्रोजनात ५ टक्के हायड्रोजन मिसळलेला वायू रिकाम्या नळात सोडून तो जमिनीवर कोठे निघतो हे शोधकाने टिपतात. या कामांसाठी तज्ञाची मदत घ्यावी लागते. बादली व रंग यांच्या कसोट्या कोणालाही करता येतात.

भूमीचा प्रभाव : जमीन पाणी कशी स्वीकारते यावर गळतीची लक्षणे व तिचे परिणाम अवलंबून असतात. कोकणातील सच्छिद्र जांभ्यात निसटलेले पाणी कोठेही ओल न दाखविता खोल जाते. म्हणून ‘बाहेर ओल नाही, म्हणजे गळती नाही’ हा तर्क तेथे फसवा ठरतो. घाटमाथ्यावर व पठारावर काळा कातळ सुरुंगाने फोडून तलावासाठी खड्डा केलेला असल्यास तो खड्डाच दुसऱ्या कुंडाप्रमाणे पाणी धरून ठेवतो. काळ्या मातीतील गळती घराच्या दृष्टीने सर्वांत घातक होय. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे ही माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते. गळतीच्या बाजूची माती फुगून कुंड एका बाजूने उचलले जाते, मूळची भेग रुंदावते व गळती आणखी वाढते. शेजारच्या बंगल्याचा पाया उथळ असेल, तर त्याच्या भिंतींनाही तिरकस तडे जातात. असे तडे बुजविण्यात वारंवार खर्च होतो आणि त्यांचे कारण अंगणातील तलाव आहे, हे बऱ्याच उशिरा लक्षात येते.

पावसाळ्यात गळती ‘आपोआप थांबली’ असे पुष्कळदा सांगण्यात येते. वस्तुतः भूजलाची पातळी वर येऊन बाहेरील व आतील दाब समान झालेले असतात एवढेच. क्वचित बाहेरील पातळी अधिक होऊन गढूळ पाणी भेगेतून आत येऊ लागते. दिवाळीनंतर भूजल उतरताच पूर्वीची गळती पुन्हा दिसू लागते.

तलाव रिकामा करण्यातील धोका : गळतीची शंका येताच पाणी उपसून टाकावे अशी स्वाभाविक प्रवृत्ती असते, परंतु मोठी हानी बहुधा याच वेळी होते. जमिनीतील रिकामे कुंड ही एक नावच असते. उदाहरणातील तलावाच्या भिंती व तळ २० सेंमी. जाडीचे धरल्यास त्याचे बाह्य घनफळ सु. ५९ घ. मी. भरते, म्हणजे भूजल काठापर्यंत चढल्यास त्यावर ५९ टन उत्प्लावक बल कार्य करते. काँक्रीटचे वजन मात्र सु. ३६ टनच असते. मातीचे घर्षण सोडून दिले, तर भूजल तळाच्या खालच्या बाजूपासून सु. १ मी. वर येताच, म्हणजे काठाखाली ६० सेंमी. असतानाच, रिकामे कुंड उचलले जाऊ लागते. ते एका टोकाने वर येते, तळ फुगून फुटतो आणि सर्व नळ तुटतात. असे कुंड पुन्हा जागेवर बसविता येत नाही. ते फोडूनच काढावे लागते. कोकणपट्टीत पावसाळ्यात भूजल जमिनीलगत असते, हे लक्षात घेता जून ते ऑक्टोबर या काळात तेथे तलाव रिकामा करणे म्हणजे तो गमावण्याची जोखीम घेणेच होय. निम्म्याहून अधिक पाणी राहू दिल्यास या उदाहरणात समतोल राखला जातो; गळती शोधताना पाणी किती उतरू द्यावे याची मर्यादाही हीच आहे.

हा धोका टाळण्यासाठी तळाच्या निकासद्वारात एकदिश दाबमुक्ती झडप बसवितात. भूजलाचा दाब वाढला की, ती उघडून बाहेरील पाणी आत घेते. परंतु तिच्या बैठकीत वाळूचा कण अडकल्यास ती नीट मिटत नाही व रक्षण करणारी झडपच गळतीचे कारण बनते. ती बुजवून टाकण्याचा सल्ला काही कारागीर देतात. तो मुळीच मानू नये. पाणी काढणे अटळ असल्यास फेब्रुवारी ते मे हा काळ निवडतात व आधी जवळच्या विहिरीतील पातळी पाहून भूजल तळाच्या खाली असल्याची खात्री करून घेतात. तंतुकाचेचे कुंड कोरडे पडल्यास बाहेरील मातीच्या दाबाने त्याच्या भिंती आत फुगतात आणि व्हिनिलचे अस्तर आकसते, म्हणून त्या तलावांबाबत अधिकच जपावे लागते.

दुरुस्ती : काँक्रीटमधील भेग स्थिर आहे की हलती, हे प्रथम ठरवावे लागते. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून काही आठवडे ठेवतात. पट्टी तडकली, तर भेग अजून रुंदावत आहे. स्थिर भेग छिन्नीने खाचेसारखी उघडून तीत शीघ्र घट्ट होणारे जलरोधक सिमेंट भरतात किंवा दाबाने इपॉक्सी रेझीन सोडतात. हलत्या भेगेत ताठ इपॉक्सी टिकत नाही, शेजारीच नवी भेग पडते. तेथे लवचिक पॉलियुरेथेन वापरतात. भेगेच्या कडेला तांबूस डाग असल्यास आतील गज गंजलेले असतात. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाहून कित्येक पट असल्याने तो काँक्रीटला आतून फोडतो. अशा ठिकाणी गज उघडे करून स्वच्छ केल्याखेरीज केलेले लिंपण वाया जाते. स्किमरभोवतीचे व परतीच्या तोंडांचे सुटलेले सांधे पाण्याखाली घट्ट होणाऱ्या दोन भागांच्या इपॉक्सी लांबीने तलाव रिकामा न करता बुजविता येतात. दिव्याच्या तारांच्या नळीचे तोंडही, वीज तोडल्यावर, याच लांबीने बंद करतात. फुटलेला पीव्हीसी नळ कापून नवा तुकडा जोडतात. आजूबाजूला झाडे असल्यास मुळांमुळे नळ पुन्हा हलण्याचा संभव असतो, म्हणून त्याची दिशा बदलणे श्रेयस्कर ठरते.

दुरुस्तीनंतर तपासणी पुन्हा करावी लागते. द्रव साठविणाऱ्या काँक्रीट बांधकामांसाठी असलेल्या भारतीय मानक ३३७० मध्ये ज्यांच्या बाहेरील बाजू दिसत नाहीत अशा टाक्यांसाठी एक रीत दिली आहे. टाकी भरून सात दिवस तशीच ठेवतात, म्हणजे कोरडे काँक्रीट जेवढे पाणी शोषणार असेल तेवढे शोषून घेते. त्यानंतर पुढील सात दिवस दर २४ तासांनी पातळी नोंदवितात. वरून झाकलेल्या भूमिगत टाकीत या सात दिवसांतील एकूण उतार ४० मिमी.पेक्षा अधिक नसल्यास ती जलरोधक समजण्यास हरकत नसते. उघड्या टाकीसाठी किती उतार चालेल हे बाष्पीभवन लक्षात घेऊन अभियंत्याने ठरवावयाचे असते. पोहण्याचा तलाव उघडाच असल्यामुळे त्याच्या बाबतीत या चौदा दिवसांतील शेवटचे सात दिवस पायरीवर बादली ठेवून दोन्ही पातळ्या रोज एकाच वेळी टिपून ठेवतात.